नेपोलियनची खिल्ली उडवणारी इंग्रजी भांडी: पारख, खरेदी आणि जपणूक

मे १८०३ मध्ये आमियाँचा तह मोडला, ब्रिटन आणि फ्रान्स पुन्हा युद्धात उतरले आणि इंग्लिश खाडीच्या पलीकडच्या काठावर, बुलोनच्या परिसरात, नेपोलियन बोनापार्टच्या फौजा गोळा होऊ लागल्या. पुढची दोन वर्षे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आक्रमणाची धास्ती होती. त्याच काळात स्टॅफर्डशर, लिव्हरपूल आणि सुंदरलँड इथल्या भट्ट्यांमधून बोनापार्टची यथेच्छ टिंगल करणारे जग (बिअर ओतायची कान आणि चोच असलेली भांडी), मग (कानाचे पेले) आणि पलंगाखाली ठेवायची मूत्रपात्रेसुद्धा बाहेर पडत होती. ज्याच्या नावाने पोटात गोळा यायचा त्याच शत्रूची फजिती बिअर ओतताना हातात धरायची, ही गोष्ट त्या लोकांना किती धीर देत असेल, हे असे भांडे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. लंडनच्या छापखान्यांतली रंगीत व्यंगचित्रे शहरातले सुखवस्तू लोक विकत घेत आणि बाकीचे दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून पाहत. जग मात्र खानावळीत, शेतकऱ्याच्या घरात आणि खलाशाच्या बायकोच्या फळीवर पोचला.

अशी भांडी आजही इंग्लंडमधल्या लिलावांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत येतात. ती ओळखायची, तपासायची आणि घ्यायची कशी, हे पुढे सांगितले आहे. त्यात एक क्रम मी आग्रहाने पाळायला सांगेन: भांड्यावरचा विनोद सर्वांत शेवटी वाचावा. आधी माती, मग झिलई (मातीवरचा काचेसारखा थर), मग छपाई आणि त्यानंतर चित्र. चित्राची नक्कल करणे सोपे असते. दोनशे वर्षांपूर्वीची माती आणि झिलई हुबेहूब उतरवणे फार अवघड असते. चित्र काय म्हणते आणि माती काय म्हणते, हे दोन्ही एकमेकांशी जुळले तरच भांडे खरे मानावे.

माती आणि झिलई

या काळातली बहुतेक छापील भांडी दोन प्रकारच्या मातीकामाची आहेत. पहिला प्रकार क्रीमवेअर. स्टॅफर्डशरचा कुंभार जोसाया वेजवुड याने १७६० च्या दशकात हे फिकट सायीच्या रंगाचे, वजनाला हलके मातीकाम परिपूर्ण केले आणि राणी शार्लटच्या आश्रयामुळे ते 'क्वीन्स वेअर' म्हणून गाजले. दुसरा प्रकार पर्लवेअर. १७७९ मध्ये वेजवुडनेच तो बाजारात आणला. यात झिलईत किंचित कोबाल्ट घातल्यामुळे भांडे अधिक पांढरे, थोडी निळसर झाक असलेले दिसते. दोन्ही प्रकार लवकरच इतर अनेक कुंभारांनी उचलले, त्यामुळे क्रीमवेअर म्हणजे वेजवुड असे समजू नये.

हे दोन प्रकार ओळखण्यासाठी भांडे उलटे करावे, दिवसाच्या उजेडात न्यावे आणि शेजारी साधा पांढरा कागद धरावा. बुडाच्या कडेच्या आतल्या कोपऱ्यात आणि कान जिथे अंगाला चिकटवला आहे तिथे झिलई साचून जाड झालेली असते, आणि त्या जाड थरातच तिचा खरा रंग दिसतो. क्रीमवेअरमध्ये हा साचलेला रंग पिवळसर किंवा हिरवट असतो, पर्लवेअरमध्ये स्पष्ट निळसर. जिथे झिलई कुठेही साचलेली नाही, सगळीकडे सारख्या जाडीची आणि काचेसारखी एकसंध चकचकीत आहे, तिथे सावध व्हावे.

त्यानंतर भांड्याच्या आत पाहावे. छापील चित्राचे जग त्या काळी बहुधा चाकावर घडवून नंतर लेथवर खरवडून पातळ करत, आणि कान वेगळा करून बाहेरून जोडत. त्यामुळे कानाच्या जागी आतली भिंत सपाट असते. आजकाल साच्यात पातळ माती ओतून केलेल्या नकलांमध्ये कान पुष्कळदा अंगाबरोबरच ओतलेला असतो, आणि मग कान जोडल्याच्या जागी आतून खळगा किंवा भोक दिसते. बोट आत घालून तो खळगा चाचपता येतो. प्रॅटवेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, उठावाची चित्रे असलेल्या आणि पिवळा, गेरूचा, हिरवा, निळा, तपकिरी असे रंग झिलईखाली दिलेल्या जगांचे अंग मात्र त्या काळीही साच्यातच घडवत, हे लक्षात ठेवावे. नेल्सनसारख्या आरमारी सेनानींचे जग या प्रकारातही आढळतात.

बुडाची झीज हा पुढचा पुरावा. दोनशे वर्षे फळीवर, टेबलावर, ओट्यावर सरकलेल्या भांड्याच्या बुडाच्या कडेवर बारीक ओरखडे असतात, ते निरनिराळ्या दिशांना जातात आणि त्यांत मळ मुरलेला असतो. सँडपेपरने केलेली झीज एकाच दिशेने जाते आणि जिथे भांडे टेकतच नाही अशा जागीही दिसते. केशभेगांचेही तसेच आहे: खऱ्या भेगांतला तपकिरीपणा जिथे द्रव मुरला तिथे अधिक आणि इतरत्र कमी असतो, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले भांडे सगळीकडे सारखेच पिंगट दिसते.

खूण नसणे हा दोष मानू नये. या प्रकारच्या बहुसंख्य भांड्यांवर कारखान्याची खूण नाहीच. लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम पॉटरीसारख्या, १७९६ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याचे नाव कधीतरी बुडाला दाबून उमटवलेले सापडते. उलट खूण असेल तर ती काय सांगते ते नीट पाहावे. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून निर्यातीच्या मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले, त्यामुळे बुडाला 'इंग्लंड' छापलेले असेल तर भांडे बहुधा त्यानंतरचे, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातले. सुंदरलँडच्या गुलाबी लस्टरच्या (धातूसारख्या चकाकीच्या लेपाच्या) धर्तीवर स्टॅफर्डशरमधल्या हॅन्लीच्या ए. ई. ग्रे कारखान्याने विसाव्या शतकात सुंदर भांडी काढली. ती आपल्या जागी चांगली आहेत, फक्त ती १८०५ ची म्हणून घेऊ नयेत.

छपाई भिंगाखाली

छपाईचा भाग मला सर्वांत समाधान देणारा वाटतो, कारण इथे कामगाराचा हात दिसतो. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ मध्ये शपथेवर नोंदवले की त्यांनी सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्या. पुढे वेजवुडची क्रीमवेअरही छपाईसाठी त्यांच्याकडेच जाऊ लागली. पद्धत अशी होती: तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात तेल आणि धातूच्या भस्माची शाई भरायची, पातळ कागदावर ठसा घ्यायचा आणि तो ओला कागद भांड्यावर दाबून चोळायचा. मग शाई भांड्यावर राहते, कागद निघून जातो आणि भांडे पुन्हा भट्टीत जाते.

सपाट कागद गोल पोटाच्या जगावर बसवताना सुरकुती पडतेच. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन चित्राची कड सावकाश पाहत गेले, तर कुठेतरी चिमूटभर जागेत रेषा तुटलेल्या किंवा एकावर एक चढलेल्या दिसतात. तिथे कागद दुमडला होता. चोचीखाली दोन तुकड्यांचे सांधे जुळलेले नसतात, आणि कानाजवळ एखाद्या सैनिकाचा अर्धा पाय कापलेला आढळतो, कारण तिथे कागद कात्रीने छाटला होता. एखाद्या जहाजाच्या डोलकाठीवर कामगाराच्या बोटाचा पुसट डागही राहून जातो. असे दोष असलेले भांडे मला निर्दोष भांड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

भिंगाखाली रेषेचा स्वभावही तपासावा. कोरलेली रेषा सुरुवातीला बारीक, मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा निमुळती होते. छटा दाखवण्यासाठी ठिपके वापरले असतील तर ते लहानमोठे आणि विषम अंतरावर असतात. याउलट वर्तमानपत्रातल्या छायाचित्राप्रमाणे ओळीने मांडलेले समान ठिपके दिसले, तर ते चित्र आधुनिक छपाईचे आहे आणि पुढची तपासणी करण्याची गरज उरत नाही. त्या काळातली क्रीमवेअरवरची काळी छपाई बहुधा झिलईच्या वर असते. भांडे तिरपे धरून प्रकाश घेतला की शाईची पातळी झिलईपेक्षा वेगळी दिसते आणि जिथे हात वारंवार लागला तिथे ती झिजलेली असते. निळी छपाई मात्र बहुधा झिलईखाली असते आणि बोटाला जाणवत नाही. रंगीत जगांमध्ये छापील बाह्यरेषेच्या आत हाताने रंग भरलेला असतो. हे काम झपाट्याने होत असे, त्यामुळे बोनापार्टच्या कोटाचा रंग रेषेबाहेर सांडलेला असणे साहजिक आहे.

चोचीखाली हाताने लिहिलेले नाव आणि वर्ष असेल तर भांड्याची किंमत वाढते, म्हणूनच ते अधिक संशयाने पाहावे. मूळ लिखाण भट्टीत भाजलेले असते आणि आजूबाजूच्या छपाईइतकेच झिजलेले असते. नंतर थंड रंगाने घातलेले नाव आजूबाजूच्या जागेपेक्षा ताजे दिसते.

चित्रातून वर्ष काढणे

आता चित्राकडे यावे. व्यंगचित्राचा फायदा असा की ते एका विशिष्ट घटनेवर, कधीकधी एका महिन्यावर बोट ठेवते. लंडनचा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याने २६ जून १८०३ रोजी प्रसिद्ध केलेल्या चित्रात राजा तिसरा जॉर्ज महाकाय आहे आणि त्याच्या तळहातावर उभ्या असलेल्या चिमुकल्या बोनापार्टला तो दुर्बिणीतून न्याहाळतो. त्यानंतरच्या महिन्यातल्या दुसऱ्या चित्रात, इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरून अठ्ठेचाळीस तास झाले आहेत अशी कल्पना केलेल्या बोनापार्टचे मुंडके जॉन बुल, म्हणजे इंग्लंडचा प्रतिनिधी असलेला काल्पनिक माणूस, शेतातल्या काट्याच्या टोकावर धरतो. भांड्यांवरचा ठेंगणा, मोठ्या टोपीत बुडालेला, थयथयाट करणारा 'बोनी' याच घराण्यातला आहे. प्रत्यक्षात नेपोलियनची उंची त्या काळच्या सरासरी फ्रेंच माणसापेक्षा कमी नव्हती. ठेंगणेपणाची ती समजूत रुजवण्यात लंडनच्या व्यंगचित्रकारांचा मोठा वाटा आहे आणि भांड्यांनी तिला हातभार लावला.

लठ्ठ, लालबुंद, साधा जॉन बुल खाडीच्या अलीकडे ठामपणे उभा आणि पलीकडे बोनापार्ट चरफडतो आहे, असे चित्र असेल तर ते १८०३ ते १८०५ मधले मानायला हरकत नाही, कारण २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत ब्रिटन जिंकल्यानंतर आक्रमणाची भीती ओसरली. बर्फ, अस्वल, दाढीवाले कोसॅक घोडेस्वार आणि पळता बोनापार्ट दिसला की १८१२ च्या रशियातल्या माघारीकडे किंवा त्यानंतरच्या वर्षाकडे जावे. त्याला प्रथम हद्दपार केले त्या एल्बा बेटाचा उल्लेख असेल तर १८१४. वॉटर्लूचा असेल तर १८ जून १८१५ नंतर. डोक्यावर मुकुट असेल तर भांडे बहुधा १८०४ नंतरचे, कारण त्या वर्षी तो सम्राट झाला. मुकुट नाही म्हणून ते आधीचे ठरत नाही, कारण ब्रिटिश सरकारने त्याला सम्राट म्हणून मान्यता दिली नाही आणि इंग्लंडमध्ये तो शेवटपर्यंत 'जनरल बोनापार्ट' राहिला.

वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन याचे नाव असलेल्या भांड्यांत पदव्या उपयोगी पडतात. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळच्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. खाडीच्या काठावर बोनापार्टची टिंगल चालू होती ते हेच वर्ष. तो १८०९ मध्ये व्हायकाउंट, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्विस, आणि १८१४ मध्ये ड्यूक झाला. भांड्यावर 'मार्क्विस' असेल तर चित्राचा काळ इतका अरुंद होतो की तो ठरवायला दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज राहत नाही.

इथे एक गोष्ट विसरू नये. घटनेचे वर्ष म्हणजे भांड्याचे वर्ष नव्हे. तांब्याचा पत्रा एकदा कोरला की तो झिजेपर्यंत वापरत, आणि लोकप्रिय चित्र अनेक वर्षे विकले जाई. शिवाय टिंगलीचा सूर कायम टिकला नाही. डिसेंबर १८४० मध्ये नेपोलियनचे अवशेष, तो कैदेत वारला त्या सेंट हेलेना बेटाहून पॅरिसला आणले गेले. त्या सुमारास आणि पुढे स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी त्याच्या रुबाबदार मूर्ती घडवल्या, आणि त्या इंग्लंडमध्येच खपल्या. म्हणून आदराने रंगवलेला नेपोलियन दिसला, तर तो पुढच्या पिढीचा असण्याची शक्यता आधी तपासावी.

पहिल्या महायुद्धातली भांडी

नेपोलियनकालीन जग हाती लागणे अवघड वाटत असेल तर १९१४ ते १९१८ मधल्या भांड्यांपासून सुरुवात करावी. ती अधिक प्रमाणात टिकली आहेत आणि त्यांवर खुणा स्पष्ट आहेत. यांत ब्रूस बेअर्न्सफादरच्या व्यंगचित्रांची ग्रिमवेड्स कारखान्याची भांडी मला सर्वांत मोलाची वाटतात. बेअर्न्सफादर १८८७ मध्ये हिंदुस्थानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जन्मला, पश्चिम आघाडीवरच्या खंदकांत अधिकारी म्हणून राहिला आणि 'बायस्टँडर' साप्ताहिकात त्याने भरघोस मिशांचा वयस्क सैनिक 'ओल्ड बिल' उभा केला. तोफगोळ्यांच्या वर्षावात खड्ड्यात बसलेला एक सैनिक दुसऱ्याला म्हणतो की याहून चांगला खड्डा ठाऊक असेल तर तिकडे जा. हे १९१५ मधले चित्र कप, बशा आणि फुलदाण्यांवर पोचले. १८०३ च्या भांड्यावर शत्रूची टिंगल आहे. इथे सैनिक स्वतःच्या हालांवर हसतो आणि शत्रू चित्रात जवळजवळ दिसतच नाही. या भांड्यांच्या बुडाशी एक मजकूर छापलेला असतो: मुले खंदकांत स्वातंत्र्य आणि सुसंस्कृतीसाठी लढत असताना १९१७ च्या हिवाळ्यात स्टॅफर्डशरच्या मुलींनी हे घडवले, असा त्याचा आशय आहे. तो मजकूर पूर्ण आणि वाचता येण्याजोगा असलेलेच भांडे निवडावे.

व्यंगचित्रकार फ्रान्सिस कॅरुदर्स गूल्डने आखलेले विल्किन्सन कारखान्याचे टोबी जग, म्हणजे माणसाच्या आकृतीचे जग, हेही याच काळातले. यातला ब्रिटनचा युद्धमंत्री किचनर हातात जो जग धरतो त्यावर 'कैसरसाठी (जर्मन सम्राटासाठी) कडू' अशा अर्थाची कोटी आहे, कारण कडू या अर्थाचा इंग्रजी शब्द 'बिटर' हे एका प्रकारच्या बिअरचेही नाव आहे. हे जग महाग असतात आणि त्यांच्या नकलाही आहेत.

दोष, दुरुस्ती आणि सौदा

भांडे हातात घेताना दोन्ही हातांनी धरावे; कानाला धरून कधीही उचलू नये, कारण जुना जोड तिथेच सुटतो. मातीचा माठ घेताना टिचकी मारतो तशी हलकी टिचकी काठावर मारावी. धड भांड्याचा नाद स्वच्छ येतो, तडा गेलेले बद्द वाजते. मात्र हे मातीकाम पोर्सिलेनइतके खणखणीत वाजत नाही, हे ध्यानात असू द्यावे. चोच, काठ आणि कान या तीन जागी टवके उडतात, म्हणून लपवलेली दुरुस्तीही तिथेच शोधावी. अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी अंधारात फिरवली की नंतर लावलेला रंग बहुधा आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. जुन्या काळी तडे धातूच्या टाक्यांनी सांधत. असे टाके असलेले भांडे टाकाऊ समजू नये, कारण कोणीतरी ते जपण्याजोगे मानले होते.

दुरून, छायाचित्रांवरून खरेदी करत असाल तर बूड, आतली बाजू, कानाचे दोन्ही जोड आणि चित्राचा जवळून घेतलेला भाग यांची छायाचित्रे मागावीत आणि स्थितीचा लेखी अहवाल घ्यावा. विक्रेता बुडाचे छायाचित्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर तो सौदा सोडून द्यावा. लिलावात बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे कमिशन, कर, पॅकिंग आणि विमा चढतात. ही सगळी बेरीज करूनच आपली मर्यादा आधी कागदावर लिहावी. पैसे खर्च करण्याआधी अस्सल भांडी शक्य तितकी पाहावीत. ब्रायटनच्या संग्रहालयात हेन्री विलेटने जमवलेला लोकप्रिय मातीकामाचा संग्रह आहे, आणि इंग्लंडचा इतिहास भांड्यांतून सांगावा हाच त्याचा हेतू होता; या विषयासाठी त्याहून चांगली शाळा मला माहीत नाही. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि स्टोक-ऑन-ट्रेंटचे पॉटरीज संग्रहालयही पाहावे.

घरी आणल्यावर

या भांड्यांच्या झिलईत शिसे आहे, म्हणून त्यांत काही खाऊ-पिऊ नये. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून कापसाच्या बोळ्याने एकेक भाग पुसावा. हाताने भरलेल्या रंगावर आणि लस्टरवर घासू नये. तडा असलेले भांडे पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण मळके पाणी तड्यातून मातीत शिरते आणि नवा डाग पडतो. ब्लीच अजिबात वापरू नये. त्याचे क्षार मातीत राहतात आणि पुढे झिलईचे पापुद्रे उडवतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जुन्या दुरुस्तीचा डिंक सैल पडतो आणि वरचा रंग पिवळा होतो, म्हणून दुरुस्त केलेले भांडे पावसाळ्यापूर्वी एकदा तपासून ठेवावे. नव्याने जोडायचे असेल तर घरी सुपरग्लू लावण्याऐवजी संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडून पॅरालॉइड बी-७२ सारख्या, पुन्हा सोडवता येणाऱ्या द्रव्याने जोडून घ्यावे.

बुडाला जुन्या संग्रहाचे किंवा लिलावाचे कागदी लेबल असेल तर ते काढू नये, आणि खरेदीची पावती, छायाचित्रे आणि पाठवणीची कागदपत्रे एकत्र ठेवावीत. परदेशात राहणाऱ्यांनी अशी वस्तू भारतात आणण्यापूर्वी सीमाशुल्काची चौकशी करावी, आणि पुन्हा बाहेर न्यायचा विचार असेल तर आणखी सावध राहावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे कडक निर्बंध आहेत, आणि ती वस्तू बाहेरून आली होती हे सांगण्याची वेळ आली तर हाताशी असलेली हीच कागदपत्रे दाखवावी लागतात.